सतरा सप्टेंबरनंतरचं

पहाटे पाच. टोकाईच्या गडावर अजून अंधार आहे. रात्रभर पाऊस पडला, हळदीची पानं वाकली आहेत. चहा उकळेपर्यंत भाषणाचा कागद पुन्हा वाचून काढला. दरवर्षी आम्ही तेच बोलतो: १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानावर निघाल्या, १७ ला निजामानं हात टेकले. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो. यंदा मला पुढचं सांगायचंय.

साडेसातला शाळेत. झेंड्याच्या दोरीची गाठ दोनदा तपासली.

नऊ वाजता झेंडावंदन झालं आणि मी उभा राहिलो. १८ सप्टेंबरला निजामाचे सेनापती एल इद्रूस मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींना शरण आले. चौधुरी तेव्हा चाळीस वर्षांचे, रणगाड्यांच्या डिव्हिजनचे प्रमुख. हाच माणूस लष्करी गव्हर्नर म्हणून कारभाराला बसला. कुरुंदा तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि परभणी हैदराबाद संस्थानात, म्हणजे आपल्या गावावरही त्यांचाच अंमल होता.

अकराला नववीची मुलं गराडा घालून बसली.

"सर, सर्फ-ए-खास म्हणजे काय?"

"निजामाची स्वतःची जमीन. तिचा महसूल थेट त्याच्या खजिन्यात जायचा. १९४९ मध्ये ती सरकारात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जहागिऱ्याही गेल्या. तोवर कित्येक गावांचा सारा जहागीरदाराच्या वाड्यावर जमा व्हायचा."

पाच दिवसांची लढाई पोरांना पाठ आहे. पण कुळाच्या घरात फरक पडला तो जमिनीच्या या हुकुमांनी, आणि त्यांचा उल्लेख आमच्या एकाही भाषणात नसतो. याची मला मनापासून खंत वाटते.

दीड वाजता घरी जेवायला निघालो, तर पारावर शेजारचे आबा बसलेले. त्या पाच दिवसांच्या लढाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या वेळी ते लहान होते.

"गुरुजी, भाषण ऐकलं. निजामाच्या रझाकारांची दहशत होती, खरं हाय. पण ॲक्शननंतर मुसलमानांची घरं भ्याली होती. ते बी सांगा की पोरांला."

आबा बरोबर बोलले. चौधुरींच्याच अमलात केंद्रानं पंडित सुंदरलालांची समिती पाठवली. तिच्या अहवालात मृतांचा आकडा हजारोंच्या घरात आहे, आणि तो अहवाल कितीतरी वर्षं दाबून ठेवला गेला. सकाळी मी यातलं अक्षरही उच्चारलं नव्हतं.

चारला सोयाबीनवर चक्कर टाकून आलो. पाणी साचलेलं नाही.

रात्री आठ. सकाळी घंटा झाली म्हणून एका मुलीचा प्रश्न राहून गेला होता: "सर, मग चौधुरींनी खुर्ची सोडली का?" वहीत उत्तर लिहून ठेवलं: पंधरा महिन्यांनी, १९४९ च्या अखेरीस सोडली. सनदी अधिकारी वेलोडींचं मुलकी सरकार आलं, चौधुरी फौजेत परतले आणि १९६२ मध्ये लष्करप्रमुख झाले. त्याखाली आबांचं बोलणं, त्यांच्याच शब्दांत. उद्याच्या पहिल्या तासाला दोन्ही वाचून दाखवीन.