लाजाळू खरंच लाजते का?

आजचा एपिसोड छोटासा आहे, आणि सुरुवात एका कबुलीने करतो. मागच्या महिन्यात माझी ऑन-कॉल ड्यूटी होती. रात्रभर फालतू अलर्ट येत होते. शेवटी वैतागून मी फोन सायलेंटवर टाकला, आणि खरा अलर्ट नेमका तेव्हाच आला. सर्व्हर दोन तास बंद! तेव्हापासून मला लाजाळूबद्दल फार आदर वाटायला लागलाय. का, ते ऐका.

लहानपणी आजोळी लाजाळू दिसली की आम्ही भावंडं तिच्या मागेच लागायचो. बोट लावलं की पान मिटलं! पण झाडाला ना स्नायू, ना नसा. मग हे होतं कसं?

तिच्या देठांच्या बुडाशी छोटीशी फुगीर गाठ असते. आतल्या पेशी पाण्याने टम्म भरलेल्या. स्पर्श झाला की विजेचा बारीकसा संदेश तिथवर पोचतो. जगदीशचंद्र बोसांनी शंभर वर्षांपूर्वीच स्वतः बनवलेल्या यंत्रांवर लाजाळूच्या या हालचाली टिपल्या होत्या. संदेश आला की गाठीच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम, क्लोराइड बाहेर पडतं आणि मागोमाग पाणी. ती बाजू सैल पडते, पान मिटतं. सेकंदाभराचं काम. पुन्हा उघडायला मात्र बरीच मिनिटं लागतात.

आणि हे सगळं कशासाठी? 2022 मध्ये जपानी संशोधकांनी मिटू न शकणाऱ्या लाजाळूवर नाकतोडे सोडले. त्यांनी ती जास्त खाल्ली! म्हणजे ही लाज नाही, बचाव आहे. पण फुकटचा नाही. पान मिटलं की ऊन कमी, म्हणजे अन्नही कमी. खोटा अलार्म तिलाही महाग पडतो.

म्हणून 2014 चा एक प्रयोग मला भारी वाटतो. मोनिका गॅगलियानो आणि सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या 15 सेंटीमीटरवरून पुन्हा पुन्हा पाडल्या, पण इजा होऊ न देता. आधी पानं मिटली, नंतर मिटेनाशी झाली. रोपं दमली असतील? तर नाही. वेगळ्या पद्धतीने हलवल्यावर ती लगेच मिटली! महिनाभराने पुन्हा पाडलं, तरी पानं उघडीच.

लक्षात आलं? तिने सगळे अलर्ट बंद केले नाहीत. फक्त बिनकामाचा तेवढा एक बंद केला. मी सरसकट सायलेंट केलं, तिथेच चुकलो.

आणि हो, पुढच्या वेळी लाजाळू दिसली तर एकदाच बोट लावा. दरवेळी तिचं जेवण थांबतं. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!