दिवे भरपूर, तरी आजींना दिसेना!

फॉल्स सीलिंग झाले, त्यात गोल दिवे बसले, घर उजळून निघाले. तरीही आजी गोळ्यांची पट्टी खिडकीपाशी नेऊनच वाचतात. ‘वय झाले, आता दिसत नाही,’ असे म्हणून घरचे विषय संपवतात. पण दर वेळी दोष एकट्या डोळ्यांचा नसतो. दिव्याची जागाही चुकलेली असू शकते.

वयानुसार डोळ्याची बाहुली लहान होते, आतले भिंग पिवळसर पडते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यात छतात बसवलेला दिवा जागचा हलत नाही. तो डोक्याच्या मागे आला, की आपलीच सावली वर्तमानपत्रावर, ओट्यावरच्या विळीवर किंवा गोळ्यांच्या डबीवर पडते. चुकीची गोळी घेतली जाणे किंवा उंबरठ्याला पाय अडखळणे, याला तेवढे कारण पुरते. उतारवयात पडल्यावर खुब्याचे हाड मोडले तर पुन्हा पूर्वीसारखे चालणे अनेकांना जमत नाही.

अशा घरात ट्रॅक लाइट उपयोगी पडतात. छतावरच्या पट्टीवर हे दिवे सरकवता येतात, हवे तिकडे वळवताही येतात. वाचणाऱ्याच्या बाजूने, खांद्यावरून प्रकाश पडेल असा एक दिवा लावावा. ओट्यावर काम करणाऱ्याच्या पाठीमागून प्रकाश येऊ देऊ नये. एखादा दिवा भिंतीकडे वळवला तर परतलेला मऊ प्रकाश खोलीभर पसरतो.

मात्र झोत थेट डोळ्यांवर येता कामा नये. मोतीबिंदू असलेल्यांच्या डोळ्यांत प्रकाश विखुरतो, आणि जास्त उजेडातही कमी दिसते. म्हणून दिवा लावल्यावर आजी-आजोबांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवावे आणि त्यांनाच विचारून दिशा ठरवावी. संध्याकाळनंतर 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश बरा. प्रखर पांढऱ्या प्रकाशाने मेलाटोनिन दबते आणि झोप लांबते. रात्री न्हाणीघराकडे जाण्याच्या वाटेवर जमिनीलगत मंद दिवा असावा.

हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. आधी मेन स्विच बंद करावा, अर्थिंग तपासावे, जुन्या दिव्यांच्या उघड्या वायरी नीट बंद कराव्यात. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून दिवे वळवण्याचा उद्योग ज्येष्ठांनी करू नये.

उजेड सुधारूनही अंधुक दिसत असेल, तर नेत्रतपासणी करून घ्यावी. सरळ रेषा वाकड्या दिसू लागल्या किंवा एकाएकी दिसेनासे झाले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. त्यावर नवा दिवा हा उपाय नव्हे.