लान्स सायजन : सेहेचाळीस दिवस आणि दोन साक्षीदार

अमेरिकी वैमानिक लान्स सायजनचे विमान पडले ते स्वतःच्याच बॉम्बमुळे. व्हिएतनाम युद्धात ९ नोव्हेंबर १९६७ च्या रात्री दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांग तळावरून उडालेले एफ-४ फँटम शेजारच्या लाओसमध्ये गेले होते. उत्तर व्हिएतनामच्या रसदीच्या हो ची मिन्ह मार्गावर ट्रक जिथून नदी ओलांडत, ती जागा हे त्याचे लक्ष्य होते. पण बॉम्बचे फ्यूज सदोष निघाले आणि विमानापासून सुटताक्षणीच बॉम्ब फुटले. पुढे बसलेले लेफ्टनंट कर्नल जॉन आर्मस्ट्राँग परत आले नाहीत. मागच्या आसनावरचा पंचवीस वर्षांचा सायजन पॅराशूटने जंगलात उतरला. त्याच्या कवटीला तडा गेला होता, उजवा हात चिरडला होता आणि डाव्या पायाचे मोडलेले हाड बाहेर आले होते.

सायजन मूळचा मिलवॉकीचा. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतून तो १९६५ मध्ये बाहेर पडला, तिथे अमेरिकन फुटबॉलही खेळला.

रेडिओवर त्याचा आवाज ऐकू आला आणि त्याच्या शोधासाठी शंभराहून अधिक विमाने जुंपली गेली. अखेर एक हेलिकॉप्टर जवळ पोहोचले. जखमीला उचलायला माणूस खाली सोडण्याची पद्धत असते, पण सायजनने नकार दिला. शत्रू अगदी जवळ होता, त्यामुळे आपणच सरपटत येतो, असे त्याने कळवले. गोळीबारात हेलिकॉप्टर अर्ध्या तासाहून जास्त वेळ घिरट्या घालत राहिले. पुढे रेडिओ मुका झाला, तेव्हा हेलिकॉप्टरला माघारी फिरावे लागले.

विमान पडल्यापासून सेहेचाळीस दिवस तो पाठीवर घसटत पुढे सरकत होता. खायला जवळजवळ काहीच नव्हते. नाताळच्या दिवशी उत्तर व्हिएतनामी सैनिकांनी त्याला पकडले, तेव्हा तो हाडांचा सापळा झाला होता. तशाही अवस्थेत त्याने शाबूत असलेल्या डाव्या हाताच्या फटक्याने पहारेकऱ्याला लोळवले आणि पुन्हा जंगलात शिरला. काही तासांतच तो परत सापडला.

हे सगळे जगाला कळले कसे? सायजनला उत्तर व्हिएतनाममधल्या व्हिन्हच्या बांबूच्या तुरुंगात नेले, तिथे बॉब क्रेनर आणि गाय ग्रुटर्स हे दोन अमेरिकी वैमानिक शेजारीच कैदेत होते. सायजनची चौकशी चालली असताना मोडका हात पिरगळल्यावर फुटणाऱ्या किंकाळ्या त्यांना ऐकू येत. तरीही तो माहिती देत नव्हता. अकादमीपासून ओळख असूनही ग्रुटर्सला तो आधी ओळखताच आला नाही. तापातून शुद्धीवर आला की सायजन आपली कहाणी तुकड्यातुकड्यांनी सांगे आणि लगेच पळून जाण्याच्या वाटा विचारू लागे.

हनोईपर्यंतच्या खडबडीत ट्रकप्रवासात दोघांनी त्याला धरून ठेवले. तिथल्या कोंदट कोठडीत न्यूमोनिया झाला आणि २२ जानेवारी १९६८ रोजी तो गेला.

लाओसवरची ती बॉम्बफेक अमेरिकी सरकारने स्वतःच्या जनतेपासून बराच काळ लपवली होती. सायजनचे धैर्य मान्य करूनही ते धोरण पटत नाही, आणि या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

क्रेनर आणि ग्रुटर्स मार्च १९७३ मध्ये सुटले. पाच वर्षे मनात जपलेली साक्ष त्यांनी नोंदवली. पुढच्या वर्षी उत्तर व्हिएतनामने सायजनचे अवशेष परत दिले आणि मिलवॉकीत त्यांचे दफन झाले. ४ मार्च १९७६ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च लष्करी पदक त्याच्या आईवडिलांच्या हाती दिले. अकादमीच्या माजी विद्यार्थ्यांत हा सन्मान मिळालेला तो पहिला.