‘आता बाबांचे रिफ्लेक्स गेले’

कोथरूडमध्ये सत्तरीपुढच्या माणसाच्या गाडीला ओरखडा उठला, की घरातलं कोणीतरी हे वाक्य म्हणतंच. पाठोपाठ किल्ली काढून घ्यायची भाषा सुरू होते. दरवेळी हे ऐकून मला राग येतो, कारण निदानच चुकलेलं असतं.

वयाबरोबर प्रतिक्रिया मंदावते, हे खरं. पण लाल दिवा दिसला की ब्रेक दाबायचा, इतकं साधं काम असेल तर फरक थोडाच असतो. पाव सेकंद उशीर धरला, तरी ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात दोन मीटर सरकते. सावकाश चालवणाऱ्या बाबांनी पुढच्या गाडीपासून तेवढं अंतर आधीच ठेवलेलं असतं.

अडतं ते निवडीपाशी. कर्वे पुतळ्याच्या चौकात उजवीकडे वळायचंय, समोरून बस येतेय, तिच्याआडून दुचाकी, बाजूला रिक्षा, मध्येच कोणी रस्ता ओलांडतंय. यातलं आधी कोणाकडे बघायचं, हे ठरवायला उतारवयात वेळ लागतो. समोरच्या वाहनाचा वेग जोखणंही अवघड जातं. सिंथिया आऊस्ली, कार्लीन बॉल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत 294 वयस्क चालकांवर तीन वर्षं लक्ष ठेवलं. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा: एका नजरेत आजूबाजूचं टिपण्याची क्षमता 40 टक्के किंवा त्याहून जास्त घटलेल्यांना अपघाताचा धोका 2.2 पट होता.

या उणिवेवर बाबांचा स्वतःचा इलाज असतो: थांबायचं, नीट बघायचं, मग वळायचं. मागचा हॉर्न नेमका हा वेळच हिरावतो. घाई लादली की चुका वाढतात, आणि मग चारचौघांत खापर फुटतं ते वयावर! किल्ली मागण्याआधी एकदा संध्याकाळच्या गर्दीत त्यांच्या शेजारी बसा, आणि ते उजवं वळण कसं घेतात ते बघा. तिथे चाचपडत असतील, तर आधी वेळ आणि रस्ता बदला. तेच वळण सकाळी अकराला बरंच सोपं असतं.

‘चाळीस वर्षांत एक अपघात नाही’ हा बाबांचा युक्तिवादही तितकाच लंगडा. जुना हिशेब आजच्या नजरेबद्दल काही सांगत नाही. अशी आणखीही वाक्यं घरोघरी ऐकू येतात.

‘चष्म्याचा तक्ता वाचता येतो ना!’ तक्ता स्थिर असतो, रस्ता नाही.

‘सत्तरीनंतर लायसन्स मिळत नाही.’ कायद्यात कमाल वय नाही; पंचावन्नाव्या वर्षानंतर नूतनीकरण एका वेळी पाच वर्षांचं होतं, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

‘सर्दीच्या गोळीनं काय होतंय?’ गुंगी येते.

‘मोतीबिंदू पिकू दे, मग बघू.’ आऊस्लींच्याच 2002 च्या अभ्यासात, शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांचं अपघाताचं प्रमाण ती टाळणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होतं.