रोवलेल्या दांताची निगा



पडलेल्या दांताच्या जागीं कवळी बसविण्याची चाल जुनी आहे. परंतु जबड्याच्या हाडांतच टिटॅनियम धातूचा स्क्रू रोवून त्यावर दांत चढविण्याची विद्या त्या मानानें नवी होय. ‘इम्प्लांट’ हें तिचें नांव आतां घरोघर ऐकूं येतें. १९५२ सालीं स्वीडनमधील ब्रॉनेमार्क या संशोधकास, सशाच्या हाडांत बसविलेलें टिटॅनियमचें उपकरण कांहीं केल्या निघत नसल्याचें आढळलें. हाड धातूस घट्ट बिलगलें होतें. या आधारावर १९६५ सालीं त्यानें पहिल्या रुग्णाच्या जबड्यांत असे स्क्रू बसविले. आपल्या छत्रपती संभाजीनगरांत १९८२ सालापासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. येथेंहि ही शस्त्रक्रिया आतां नवलाची राहिलेली नाहीं.

असा दांत बसविल्यावर पुष्कळांस वाटतें कीं, धातूला कीड लागत नाहीं, मग काळजी कसली? यांतील पहिलें विधान खरें, पण त्यावरून काढलेलें अनुमान घातक आहे. नैसर्गिक दांत व हाड यांच्यामध्यें एक पातळ तंतुमय पडदा असतो. चावण्याचा दाब तो ओळखतो आणि बिघाड झाल्यास ठणक्यानें आपल्याला जागें करतो. रोवलेल्या दांताभोंवतीं हा पडदा नसतो. त्यामुळें त्याच्या मुळाशीं रोग शिरला तरी तो बहुधा दुखत नाहीं. इतर दांतांकडून मिळणारी सूचना येथें मिळत नसल्यानें तिचें काम आपल्या नियमितपणानेंच करावें लागतें.

शस्त्रक्रियेच्या दिवशीं जखमेवर रक्ताची गांठ धरणें महत्त्वाचें असतें. म्हणून चोवीस तास जोरानें थुंकूं नये, चुळा भरूं नयेत व नळीनें पेय ओढूं नये. गालाला बाहेरून थांबून थांबून बर्फ लावावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें हलकेच चूळ भरावी. मऊ भात, वरण, खिमट असें कोमट अन्न घ्यावें; ज्वारीची भाकरी कांहीं दिवस दूर ठेवावी. दिलेलीं औषधें, बरें वाटलें तरी, मध्येंच सोडूं नयेत.

यापुढें हाड धातूस बिलगण्यास बहुधा तीन ते सहा महिने लागतात. या काळांत मोठा शत्रु तंबाखू. तिनें रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला पुरेसें रक्त पोंचत नाहीं. २०१२ सालीं राज्यानें गुटख्यावर बंदी घातली. तरीहि ज्यांच्या तोंडीं तो किंवा मशेरी बसली आहे, त्यांनीं दांत रोवण्यापूर्वींच ती संवय सोडावी. मधुमेह्यांनीं रक्तांतील साखर आटोक्यांत ठेवावी. हाडें ठिसूळ होऊं नयेत म्हणून कोणी औषध घेत असल्यास तें दंतवैद्यास आधींच सांगावें.

दांत चढविल्यानंतरची निगा मात्र जन्मभराची आहे. सकाळीं व रात्रीं मऊ ब्रशानें हिरडीच्या कडेपर्यंत दांत घांसावा. दोन दांतांमधील फटींत बारीक ब्रश फिरवावा. त्याच्या तारेवर प्लॅस्टिकचें वेष्टण असावें, म्हणजे धातूवर चरे पडत नाहींत. राखुंडी व टांचणी वर्ज्य समजावी. अशा दांतांनीं सुपारी फोडूं नये. झोपेंत दांत खाण्याची खोड असल्यास रात्रीं लावावयाचें आवरण करून घ्यावें.

घांसतांना रक्त येणें, हिरडी तांबूस होऊन सुजणें, ही पहिली खूण. या टप्प्यावर नीट सफाई केल्यास हिरडी पूर्ववत् होऊं शकते. पण दुर्लक्षामुळें रोग हाडांत उतरला, तर झिजलेलें हाड सहसा परत मिळत नाहीं. पू येतो आणि शेवटीं स्क्रू हलूं लागतो. म्हणून कांहींहि दुखत नसलें तरी सहा महिन्यांनीं तपासणी, आणि सांगितल्या वेळीं क्ष-किरण चित्र, हा नेम चुकवूं नये.

इम्प्लांटच्या जातीचें व मापाचें कार्ड घरांत जपून ठेवावें. पुढें दुसऱ्या दंतवैद्याकडे जावें लागल्यास तें उपयोगी पडतें. वृद्धांचा हात कांपूं लागला कीं घरच्यांनींच त्यांचे दांत स्वच्छ करावे लागतात. त्यांतील कोणता दांत रोवलेला आहे, हें घरांतील एका तरी तरुण माणसास ठाऊक असावें.