चार वर्षं, एक कंट्रोलर

जुन्या जालन्यात मामाचं माळवदाचं घर आहे. २०१९ ते २०२२ अशा चार वर्षांत आम्ही भावंडांनी तिथल्या मधल्या खोलीत ‘द डार्क पिक्चर्स अँथॉलॉजी’ ही भयखेळांची मालिका खेळून काढली. इंग्लंडमधल्या सुपरमॅसिव्ह गेम्स या कंपनीनं वर्षाला एक असे तिचे चार भाग आणले. दर भागात गोष्ट नवी, माणसं नवी. रीत मात्र तीच. पाच जण संकटात सापडतात, थोड्याथोड्या वेळानं एकेक निर्णय पुढ्यात येतो आणि तो घ्यायला मोजके सेकंद मिळतात. पाचही वाचू शकतात, पाचही मरू शकतात.

या रीतीची गोडी आम्हाला याच कंपनीच्या २०१५ सालच्या ‘अनटिल डॉन’नं लावली होती. बर्फाळ डोंगरावर अडकलेले आठ मित्र आणि एक रात्र. ‘हलू नका’ अशी सूचना आली की कंट्रोलर अगदी स्थिर धरायचा; हाताची थरथर त्याला कळायची. खेळायचा एक जण, पण श्वास सगळी खोलीच रोखून धरायची.

‘मॅन ऑफ मेडान’ ऑगस्ट २०१९ मध्ये आला आणि आम्ही तो दिवाळीत उघडला. ‘ऊरांग मेडान’ या भुताळी जहाजाच्या दंतकथेवर तो बेतलेला आहे. त्यात पाच जणांनी मिळून खेळायची सोय होती. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, पाळी आली की कंट्रोलर पुढच्याच्या हाती द्यायचा. जहाजावर दिसणारी भुतं तिथल्या विषारी रसायनामुळं दिसत होती, हे उमगेपर्यंत आमची निम्मी माणसं गेली होती. मध्येच लाइट जायची. पण घेतलेला निर्णय खेळ स्वतःच नोंदवून ठेवतो. लाइट आल्यावर आम्ही आमच्या चुकीपाशीच परत यायचो.

आजी पलंगावर बसून बघायची. प्रकरणं संपली की पडद्यावर क्युरेटर नावाचा एक गृहस्थ यायचा. पुस्तकांनी भरलेल्या दालनात बसून तो आमच्या निर्णयांचा हिशेब मांडायचा, सूचक बोलायचा, मदत मात्र फारशी करायचा नाही. अभिनेता पिप टॉरेन्सनं ती भूमिका केली आहे. आजीनं त्याला पहिल्याच रात्री ओळखलं. “हा तर वेताळच हाय की गं.”

आजीचा वेताळ ‘चांदोबा’ मासिकातला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असा के. सी. शिवशंकरन यांनी चितारलेला विक्रम आमच्याही डोळ्यांपुढं होताच. वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार; बोलला तर वेताळ झाडावर परतणार. आमच्या खेळात संवादाच्या वेळी दोन पर्याय दिसायचे आणि तिसरा न लिहिलेला असायचा. वेळ सरू द्यायची, काहीच बोलायचं नाही. ते मौनही खेळ उत्तर म्हणूनच धरायचा.

त्या मौनाचं मोल कळलं २०२० मध्ये. ‘लिटल होप’ आला तेव्हा मामेभाऊ पुण्यात अडकला होता आणि मी जालन्यात. दोघांनी दोन गावांतून एकच गोष्ट खेळायची सोय त्यात होती, म्हणून आम्ही इंटरनेटवर खेळलो. नेट तुटायचं, पुन्हा जोडायचं. बस उलटून चार विद्यार्थी आणि एक प्राध्यापक धुक्यातल्या ओसाड गावात अडकतात. तिथं त्यांना सतराव्या शतकातले चेटकिणींचे खटले दिसू लागतात. आरोपींचे चेहरे थेट त्यांच्यासारखेच. मेरी नावाच्या लहान मुलीवर दोष जाऊ द्यायचा की तिची बाजू घ्यायची, हे खेळणाऱ्यावर येतं. मला ठरवता येईना. वेळ सरली, मी गप्प राहिले.

आजी म्हणाली, “मीबी अशीच गप्प बसले होते.”

ती लग्न होऊन भोकरदनकडच्या एका खेड्यात आली, तेव्हाची गोष्ट. एका घरावर दगड पडू लागले, दांडीवरचे कपडे आपोआप पेटू लागले. भानामती म्हणाले लोक. मग नाव निघालं गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या बाईचं. ती त्या दिवशी सकाळपासून आजीसोबत शेतात होती, हे आजीला ठाऊक होतं. पण नवी सून चार माणसांत कशी बोलणार? ती बाई गाव सोडून गेली, ती परत आलीच नाही. अशा छळाला आवर घालणारा जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात झाला २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आजीच्या शेजारणीला तो कित्येक वर्षं उशिरा आला.

२०२१ चा ‘हाउस ऑफ अ‍ॅशेस’ मला मालिकेतला सर्वांत चांगला भाग वाटतो. २००३ चं इराक. अमेरिकी सैनिक आणि इराकी अधिकारी सलीम ओथमान जमिनीखालच्या अक्कडकालीन मंदिरात कोसळतात आणि जगण्यासाठी वैऱ्याचाच हात धरावा लागतो. दरीवर लोंबकळणाऱ्या राचेल या सोबतिणीचा दोर कापायचा की धरून ठेवायचा, हा प्रश्न भावाच्या वाट्याला आला. त्यानं कापला. पुढं राचेल पुन्हा समोर आली, तेव्हा खोलीत कुणी बोलेना.

२०२२ च्या ‘द डेव्हिल इन मी’मागं एच. एच. होम्स हा खुनी आहे. विवेकानंद ज्या १८९३ च्या शिकागोत बोलले, त्याच शहरात, तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या काळात त्याची इमारत होती. भाग रेंगाळतो, पण अंधारात फक्त माइकच्या आधारानं चालणारी एरिन विसरत नाही.

नंतर आम्ही सगळे भाग पुन्हा खेळलो. काही वाटा कुठूनही गेलं तरी एकाच जागी मिळतात, हे तेव्हा कळलं. बऱ्याच जणांना वाचवलंही. तरी घरात आजही विषय निघतो तो पहिल्या डावाचा, कापलेल्या दोराचा. माहिती अर्धी, वेळ थोडा आणि निर्णय आपला, असं तेव्हाच होतं. दुसऱ्यांदा खेळताना उत्तरं ठाऊक असतात.

‘लिटल होप’ दुसऱ्यांदा लावला, तेव्हा आजी पलंगावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मेरीचा प्रसंग आला. दोन पर्याय उमटले, वेळ सरू लागली. आजीनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, “बोल.”