अंजनवेलच्या वाटेवर आपलं गाणं

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, गुहागर तालुक्यात, अंजनवेल आहे. गोपाळगड, दीपगृह आणि एन्रॉनच्या काळात देशभर गाजलेला वीजप्रकल्प, एवढ्यावर बाहेरचे लोक या गावाला ओळखतात. मुंबईत पोटापाण्याला गेलेल्यांसाठी ते गणपतीला आणि शिमग्याला गाठायचं घर आहे. पनवेल, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, चिपळूण, मग शृंगारतळीवरून गुहागर आणि पुढे अंजनवेल, असा हा प्रवास. सणाच्या गर्दीत त्यात अख्खा दिवस जातो. त्या दिवसभरात आजी, आई-बाबा आणि मुलं गाडी नावाच्या एकाच बंद खोलीत बसलेली असतात आणि त्या खोलीत आवाजाचं साधन एकच असतं. घरी प्रत्येकाच्या कानात वेगळा इयरफोन असतो. सगळ्यांनी एकच गाणं ऐकायची जागा आता बहुधा गाडीच उरली आहे. म्हणून तिथे काय वाजतं हा प्रश्न मला करमणुकीपेक्षा मोठा वाटतो. माझं म्हणणं साधं आहे: घरात जे गाणं पिढ्यांनी जमवलं, ते गाडीत वाजायचं असेल तर ते फाइलच्या रूपात आपल्या हातात हवं. कुठल्या कंपनीच्या ॲपवर विसंबून ते टिकणार नाही.

घरात जमवलेलं गाणं म्हणजे काय, ते आधी पाहू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या घरची जुनी पेटी उघडली तर तिच्यात चित्रपटगीतांच्या आणि अभंगांच्या कॅसेटी असतातच. पण त्यांच्याशेजारी नमन, जाखडी या इथल्या लोककलांची, शक्ती-तुऱ्याच्या सामन्याची, गावच्या भजनी मंडळाची कॅसेटही असते. काही मुंबईच्या छोट्या कंपन्यांनी काढलेल्या, काही परळच्या दामोदर नाट्यगृहातल्या प्रयोगात कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 1993च्या ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताच्या संदर्भात दाखवून दिलं की, 1980च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा एका मोठ्या कंपनीची सद्दी मोडली आणि बोलीभाषांतल्या, गावोगावच्या गाण्याला पहिल्यांदा बाजार मिळाला. कोकणातही तेच घडलं. मृदुंगाच्या थापेवर गणाने उठणारं नमन, गौळण, संकासुराच्या सोंगाचा गोंधळ, एका पायात घुंगरू बांधून गोलात नाचणारा जाखडीचा फेर आणि समोरच्या बुवाला सवाल टाकणारा शाहीर, हे सगळं फितीवर आलं. त्यानंतर व्हीसीडी आल्या, मग मोबाइल आले. आज शिमग्याच्या रात्री मांडावर जमलेली अर्धी माणसं फोन उंचावून ध्वनिमुद्रण करत असतात. यातला फार थोडा भाग ॲपवर पोचला. जो पोचला त्यालाही गायकाचं नाव, मंडळाचं गाव, साल यांपैकी काही धड लागलेलं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: आता सगळं ऑनलाइन मिळतं, आणि रेंज नसली तरी ॲपमध्ये गाणी उतरवून ठेवता येतात. उतरवता येतात हे खरं. पण उतरलेली फाइल कुलूपबंद असते, ती त्या ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की गप्प होते. स्पॉटिफायवर तर महिन्यातून एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी लावावी लागते. शिवाय दुकानच बंद झालं तर? गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये बंद झालं. रेसो हे ॲप जानेवारी 2024 अखेर भारतातून गेलं आणि त्याच वर्षी एअरटेलने विंक म्युझिकही गुंडाळलं. मार्च 2023 मध्ये परवान्याचा करार न जमल्याने झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी नाहीशी झाली. ज्यांनी वर्षभर याद्या लावून ठेवल्या होत्या त्यांच्या याद्यांमध्ये भोकं पडली. या कंपन्यांवर राग काढण्यात अर्थ नाही, धंद्यात असं होतच असतं. पण ज्या गाण्याच्या मागे कुठली मोठी कंपनी उभी नाही, त्या नमनाचं तिथे काय होईल याचा अंदाज यावरून यावा. आणि साठवलेल्या गाण्याची ओढ लोकांना आहे याचा पुरावा बाजारानेच दिला: सारेगामाने 2017 मध्ये पाच हजार हिंदी गाणी आत भरलेला ‘कारवाँ’ हा म्युझिक प्लेअर आणला. त्याला इंटरनेट लागत नव्हतं, आणि स्मार्टफोन खिशात असलेल्या देशात तो लाखोंनी खपला.

आता गाडीकडे. कॅसेटची खाच केव्हाच गेली, सीडीची खाचही नव्या गाड्यांतून जवळजवळ नाहीशी झाली, आणि साडेतीन मिलिमीटरची ऑक्सची पिनसुद्धा कमी होत चालली. उरले तीन रस्ते. ब्लूटूथ सगळ्यांना माहीत आहे. ते सोयीचं आहे, पण फोनवरचा आवाज गाडीपर्यंत पोचवताना तो पुन्हा एकदा दाबला जातो आणि मध्येच कुणाचा फोन आला की शाहिराचा सवाल अर्धवट राहतो. दुसरा रस्ता अँड्रॉइड ऑटोचा किंवा ॲपल कारप्लेचा. व्हीएलसीसारखं ॲप फोनमध्ये घेतलं तर फोनच्याच साठ्यातल्या आपल्या फाइली गाडीच्या पडद्यावरून लावता येतात, हे अनेकांना ठाऊक नसतं. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचा रस्ता म्हणजे पेन ड्राइव्ह. त्याला रेंज लागत नाही, वर्गणी लागत नाही, कुणाचा फोन कुणाच्या गाडीला जोडायचा हा वादही होत नाही. एमपी3 फाइल 320 केबीपीएसची, म्हणजे चांगल्या दर्जाची, केली तरी मिनिटाला सुमारे अडीच एमबी जागा घेते; 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर चारशे तासांहून अधिक गाणं मावतं.

पेन ड्राइव्हबद्दल लोक वैतागतात तेही विनाकारण नाही. वैतागाची कारणं मात्र मोजकी आहेत आणि प्रत्येकावर उपाय आहे. गाडीने ड्राइव्ह ओळखलाच नाही तर बहुधा तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो; बहुतेक गाड्यांना फॅट32 चालतं, नव्यांपैकी अनेकांना एक्सफॅटही. फॉरमॅट करण्यापूर्वी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं, कारण फॉरमॅट केल्यावर काही उरत नाही. फाइल दिसते पण वाजत नाही, याचं कारण तिच्या नावाच्या शेपटात, म्हणजे एक्स्टेन्शनमध्ये, असतं. व्हॉट्सॲपवर आलेलं आजीच्या ओव्यांचं ध्वनिमुद्रण ‘ओपस’ असतं, जुन्या साध्या फोनवर भरलेलं भजन ‘एएमआर’ असतं आणि गाडीचे बहुतेक स्टिरिओ ही दोन्ही वाचत नाहीत. संगणकावर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून किंवा फोनवरच्या एखाद्या कन्व्हर्टरमधून त्यांचं एमपी3 करून घेतलं की प्रश्न मिटतो. गणाआधी गौळण वाजली तर समजायचं की स्टिरिओ नावाच्या किंवा कॉपी केल्याच्या क्रमाने चालतो आहे; फाइलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे घालून त्याच क्रमाने कॉपी केलं की नमन पुन्हा सरळ लागतं. काही पडद्यांवर देवनागरी नावांच्या जागी चौकोन येतात. अशा गाडीत नावं रोमन लिपीत लिहावी लागतात, हे मनाला लागतं खरं, पण घरच्या मूळ संचात देवनागरी ठेवायला कुणी अडवत नाही.

खरं काम कॅसेटींचं आहे आणि तिथे घाई करायला हवी. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या दमटपणात कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर फितीच्या कडेला पांढरट बुरशी चढलेली दिसते. तशी फीत थेट वाजवली तर बुरशी डेकच्या हेडला चिकटते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. आधी कॅसेट कोरड्या जागी ठेवून वाळवावी, बुरशी साफ करून घ्यावी, हेड आणि रबरी रोलर पुसावे, मगच वाजवावी. डेकच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये एक वायर, आवाजाची पातळी लाल पट्टीत जाऊ न देण्याची काळजी, आणि साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटांचा धीर, एवढंच लागतं. याला जवळचा रस्ता नाही. आवाज दबका, कोंदट येत असेल तर बहुतेक वेळा हेडचा कोन बिघडलेला असतो. हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी हलक्या हाताने फिरवला की झांजेची धार परत येते. मूळ प्रत दर्जा न गमावणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात ठेवायची आणि गाडीसाठी तिच्यापासून एमपी3 करायची. चार घरांनी मिळून एक डेक आणि एक संगणक वापरला तर एका पावसाळ्यात वाडीतल्या कॅसेटी होऊन जातात.

दर्जाचा आग्रह धरणारे म्हणतील, टायरच्या आणि इंजिनाच्या आवाजात एवढं कशाला? त्यांचं अर्धं मला पटतं. धावत्या गाडीत 320 केबीपीएसची एमपी3 आणि फ्लॅक यांतला फरक जवळपास कुणालाच कळणार नाही, त्यासाठी महागडे स्पीकर बसवायची गरज नाही. पण उरलेल्या अर्ध्यात नमनाचा जीव आहे. 64 केबीपीएसवर दाबलेल्या फाइलमध्ये टाळ-झांजेचा ठोका विरघळतो, त्याच्या जागी पाणी सळसळल्यासारखा आवाज येतो, आणि गलबल्यातसुद्धा तो खटकतो. हे संगीतच टाळ-झांज, मृदुंग आणि घुंगरावर उभं आहे. तिथे जागा वाचवण्याचा लोभ महागात पडतो. 192 केबीपीएसच्या खाली जाऊ नये, असं मी म्हणेन.

कायद्याचा प्रश्न कुणी काढला तर तो टाळायचं कारण नाही. 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेल्या उचित वापराला मोकळीक देतं. आपण विकत घेतलेल्या कॅसेटवरून आपल्या गाडीसाठी काढलेली प्रत त्यात बसते असं मानायला जागा आहे. तीच प्रत शंभर जणांना वाटणं किंवा जत्रेत पेन ड्राइव्ह भरून विकणं मात्र त्यात बसत नाही. प्रयोगात गाणाऱ्या कलाकारालाही याच कायद्याने 50 वर्षांचा हक्क दिला आहे. खाजगी वापरासाठी भरलेलं ध्वनिमुद्रण त्यातून वगळलं असलं तरी ते यूट्यूबवर चढवण्यापूर्वी मंडळाला विचारायलाच हवं. उलट भरलेल्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्या मंडळाला नेऊन द्यावी. अनेक मंडळांकडे आपल्याच जुन्या बुवांचा आवाज राहिलेला नसतो. सुरक्षिततेच्या बाजूनेही पेन ड्राइव्ह उजवा ठरतो. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात गाडी चालवताना फोन हाताळणं हा धोकादायक वाहन चालवण्याचा भाग ठरवला. परशुराम घाटाच्या वळणांवर ॲपमध्ये गाणं शोधणाऱ्या चालकापेक्षा स्टीअरिंगवरचं पुढचं-मागचं बटण दाबणारा चालक कधीही बरा.

‘मुलं हे ऐकणार नाहीत’ ही शंका मात्र मी सहज बाजूला सारणार नाही. दहा तास सलग नमन लावलं तर मोठेही कंटाळतील. पण मुलांची गाणी त्याच पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये असू शकतात, आणि पाळीपाळीने लावायचा करार घरात होऊ शकतो. ज्या मुलाने संकासुर शिमग्यात प्रत्यक्ष पाहिला आहे, त्याला त्याचा आवाज ओळखीचा वाटतो. ज्याने पाहिला नाही त्याला सांगायला शेजारी आजी बसलेली असते, आणि ती गाडी सोडून कुठे जाऊ शकत नाही. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, मंडळाचं गाव आणि साल घातलेलं असलं तर पडद्यावर ते दिसतं आणि विचारणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं. ॲपवर हे तपशील लिहिणारा कुणी नाही, ते घरच्यांनीच लिहायचे आहेत, आणि सांगणारी माणसं आहेत तोवर लिहायचे आहेत.

पेन ड्राइव्ह अमर नाही हेही लक्षात ठेवावं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या काचेआड तो चांगलाच तापतो, आणि फ्लॅश मेमरी उष्णतेने लवकर खराब होते. गाडीतली प्रत ही वापरायची प्रत. मूळ संच घरच्या हार्ड डिस्कवर आणि आणखी एक प्रत गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाकडे असावी. नवी गाडी घेणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी. शोरूममध्ये पडद्याचा आकार सगळे विचारतात, यूएसबीचा पोर्ट कुणी विचारत नाही. काही गाड्यांत फक्त टाइप-सी असतो, काहींत एक पोर्ट निव्वळ चार्जिंगचा असतो आणि गाणी वाचणारा दुसरा, ज्यावर त्रिशूळासारखी खूण असते. टेस्ट ड्राइव्हला जाताना आपला पेन ड्राइव्ह आणि टाइप-सीची जोडणी खिशात घ्यावी, लावून पाहावं, फोल्डर दिसतात का, क्रम बरोबर लागतो का, देवनागरी उमटते का, गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर गाणं सोडलं तिथूनच धरतं का, हे तपासावं आणि मगच बुकिंगचे पैसे भरावेत.